घरी कोण वाचते?

दवाखान्यात नवीन माणूस आला की तिथले कारकून बाबूजी त्याला आधी आजाराचं विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “घरी कोण वाचते?”

समोरचा गोंधळून जायचा. तो चट्टा दाखवायला सदरा वर करून बसलेला. त्याला वाचण्याशी काय करायचं? पण बाबूजी हटायचे नाहीत. चिठ्ठी आली तर कोण फोडते? मनात वाचते का मोठ्यानं? का डाकवालाच दारात उभा राहून वाचून देते? हे सगळं एका पिवळ्या कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहून झालं की मग डॉक्टरकडे पाठवायचे.

मलाही पहिल्या दिवशी तेच विचारलं. मी तर कामाला आले होते.

“मीच वाचते,” मी म्हणाले.

“किती शिकल्या?”

“सातवी. पुढं लग्न झालं.”

“मंग बरं आहे जी. सातवीवाला एकेक अक्षर पाहून उतरवते. बीएवाला अंदाजानं लिहिते.”

मी सातवी शिकले याचं कुणी कौतुक केलं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांचा जीव वर-खाली होईल. दवाखान्याचंही नाव नको. तुमसरच्या एका टोकाला, कौलारू इमारतीत तो होता आणि महारोगाचा होता, एवढं पुरे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे मालक खाणीवर मँगनीजचा ट्रक चालवायचे, चार-चार दिवस घरी नसायचे. मी कोरेगाव तालुक्यातली. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. तिथली बोली मला सुरुवातीला अर्धी कळायची. “इतक्या दूर काहून आल्या जी?” असं कुणी सहज विचारलं तरी मला वाटायचं, हे आपल्याला रागावतायत. मी आपली सगळ्याला मान हलवायची. बंद खोलीत दिवस काढून वेड लागायची पाळी आली होती, तेव्हा या माणसानं मला टेबल-खुर्ची दिली. ते उपकार मी विसरलेली नाही.

नोकरी का दिली, तेही नंतर कळलं. त्यांना माझं अक्षर हवं होतं.

बाबूजी पाकिटं तीन दुकानांतून आणायचे. एका दुकानाची आणली तर रंग एकच, आणि रंग एक असला की डाकवाल्याला ओळखू येतं. पाकिटावर दवाखान्याचा शिक्का नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. स्वतः ते दोन वळणांची अक्षरं काढत, एक उजवीकडे झुकलेलं, एक ताठ. तरी त्यांना धाकधूक. “एका हाताचे शंभर पाकिटं म्हणजे बोर्डच लावला समजा.” म्हणून तिसरा हात हवा होता, आणि तोही त्या मुलखातला नसलेला. पाकीट बंद केलं की खिडकीच्या उजेडात धरायचे. आतलं अक्षर दिसलं तर परत फोडून त्यात वर्तमानपत्राचं पान घालायचे. पान जाहिरातींचंच हवं. “बातमी असली तर लोक वाचायसाठी उजेडात धरते.”

रांगेतल्या माणसाला ते नावानं कधी हाक मारत नसत. “सिंदीच्या झाडाजवळचे, या जी.” “दोन बैलवाले, तुमी या.” कार्डांच्या कपाटाची किल्ली करदोट्याला बांधलेली. वरचा कप्पा उघडायचा तर टाचा उंच करून, पोट कपाटाला टेकवून उभं राहावं लागे. कंपाउंडर म्हणायचा, “बाबूजी, कपाटासंग लगीन लावून घ्या आता.” ते म्हणायचे, “लागलं आहे. तू वरातीत आला नव्हता.”

दवाखान्यात एक मोठं रजिस्टर होतं. त्यात नंबर, नाव, चट्टा कुठं, घर कुठं, सगळं. आणि कपाटात ही पिवळी कार्डं. पुष्कळदा रजिस्टरातला पत्ता एक आणि कार्डावरचा दुसराच. मला ते कधी नीट उमगलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मग शहरातून नवे डॉक्टर आले आणि त्यांच्यामागोमाग नवं औषध आलं. आधी वर्षानुवर्षं पांढऱ्या गोळ्या गिळाव्या लागत. नवीन औषध हलक्या आजाराला सहा महिन्यांत बरं करणारं, पण दर महिन्याला एक खेप चुकता कामा नये. डॉक्टर तरुण, उत्साही. म्हणाले, सगळ्यांना आठ दिवसांत पत्रं गेली पाहिजेत. रजिस्टर उतरवून यादी करा आणि पाकिटांबरोबर पोस्टाला देऊन टाका.

“रजिस्टर नाही देता येत साहेब,” बाबूजी म्हणाले.

“का?”

“पोस्टाले तीन गोष्टी लागते. नाव, गाव, डाकघर. चौथी देली का ते आपली राहत नाही.”

डॉक्टरांनी हसून सोडून दिलं. पण आतला कागद मात्र त्यांनी छापील घेतला, वर दवाखान्याचं पूर्ण नाव, ‘कुष्ठरोग’ या शब्दासकट. बाबूजींनी वाद घालून एवढंच मिळवलं की कागदावर माणसाचं नाव नसेल, नुसता नंबर असेल.

यादीही त्यांना अआइईनं लावलेली चालत नसे. डाकवाला ज्या वाटेनं चालतो त्या क्रमानं पाहिजे. आधी शाळा, मग पिंपळ, मग वरचा टोला, म्हणजे वरची वस्ती. रविवारी सायकलवर फिरून त्यांनी डाकवाल्यांच्या वाटा पाठ केल्या होत्या. अशी एकेका डाकघराची गड्डी लागत गेली. नाकाडोंगरीकडची तेवढी राहिली होती, आणि नेमका त्यांना त्यांच्या गावाहून, दिघोरीहून निरोप आला. धानाची कापणी, भाऊ एकटा. दोन दिवसांसाठी गेले. जाताना किल्ली सोडून माझ्या हातात दिली.

“कार्डावरून उतरवजा. जसंच्या तसं.”

मी मान हलवली.

उतरवायला बसले तर मला चुका दिसायला लागल्या. अकरा कार्डांवरचे पत्ते रजिस्टराशी जुळेनात. कार्डं जुनी, रजिस्टरातली शाई नवी. एक कार्ड होतं चारशे बारा नंबरचं. बाईचं वय वीस. कार्डावर पत्ता काय, तर ‘आंबागड, बाजारातल्या शिंप्याजवळ. आई येऊन घेते.’ हा काय पत्ता झाला? रजिस्टरात तर तिच्या सासरचं गाव, घर, डाकघर, सगळं व्यवस्थित. मला वाटलं, बाबूजींकडून गडबडीत राहून गेलं असेल. आपण दुरुस्त केलं तर त्यांना बरं वाटेल. अकराही पाकिटांवर मी रजिस्टरातले पत्ते घातले, सुवाच्य अक्षरात. कार्डाची पाठ मी उलटून बघितली नाही. संध्याकाळी कंपाउंडरनं गड्डी पोस्टात नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी आले. मी यादी पुढं केली. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचली आणि एका ओळीवर बोट थांबलं.

“हे कुठून उतरवलं?”

“कार्डावर चुकीचं होतं. मी रजिस्टर बघून नीट केलं.”

“किती?”

“अकरा.”

ते उठले. कपाटाशी जाऊन चारशे बाराचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पाठीवर लिहिलं होतं: ‘सासरी माहीत नाही. घरी वाचतो दीर. मोठ्यानं वाचतो.’

ही मुलगी मला आठवत होती. लग्नाआधी आईबरोबर आली होती. चुलीतला निखारा तिच्या डाव्या पायावर पडला होता आणि आई ओरडल्यावर तिला कळलं होतं. तेवढा एकच बधिर चट्टा, पायावर. कुणाला लागण होण्यासारखा नव्हता, सहा महिन्यांत जाणारा. पण हे गावाला कोण समजावणार? त्या भागात अशा बाईला रातोरात माहेरी आणून सोडत आणि माहेरीही तिला गोठ्याकडेची खोली मिळे.

“चला,” बाबूजी म्हणाले. “पाकीट टाकणारा परत मागू शकते. पोस्टाचा नियम आहे. अक्षर तुमचं आहे, सही तुमची लागन.”

पोस्टात त्यांनी दोन अर्ज घेतले, एक बिघडला तर दुसरा. दोन्हींवर माझी सही घेतली. माझं अक्षर इतकं कापत होतं की पोस्टमास्तर म्हणाले, “बाईले ताप आहे का?” थैला सकाळच्या गाडीनं गेला होता. त्यांनी नाकाडोंगरीच्या मास्तरांना चिठ्ठी लिहून दिली.

गाडीत बाबूजी खिडकीबाहेर बघत बसले होते. मी रडत होते. रागावतील, नोकरीवरून काढतील, याचीच वाट बघत होते. ते आपणहून बोलले.

“आमच्या दिघोरीत मी एकटाच शिकलो होतो. चिठ्ठी आली का लोक माह्याकडं येत. अंगणात बसून वाचून देवो. एक खेप एका बाईची आली, अशाच दवाखान्याची. मले शब्द जड होता, तो बराबर वाचता आला मणून मी खूश. दोनदा वाचलो. मोठ्यानं.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काही नाही. धानाच्या रोवणीच्या आधी ते बाई गावात नव्हती. कुठं गेली, कोणाले माहीत नाही.”

नाकाडोंगरीला उतरलो.

डाकघर म्हणजे किराणा दुकानाचा अर्धा भाग. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, अर्ज घेतला, टेबलावरची गड्डी सोडली. अकरातली दहा पाकिटं निघाली, चारशे बाराचं तेवढं नाही. दहांची गावं दुसऱ्या दिवसाच्या फेरीतली होती.

“अकरावं?”

“ते आजच्या फेरीत गेलं बाबूजी. डाकवाल्याले निघून घंटा झाला.”

बाबूजींनी घड्याळ बघितलं. ओठ हलायला लागले. यादी करताना हलत तसे. “आधी शाळा. मंग सरपंचाकडं चहा, तिथं थो बसते. मंग तलावाच्या पारीवरून, बांधानं, वरचा टोला, तिथून त्या पोरीचं गाव. पारीनं गेलो तर मागं राहू. धानातून चला.”

मी त्यांना कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते चपला हातात घेऊन धावले. कापलेल्या धानाची खुंटं पायाला टोचत होती, मध्येच ओल लागून पाय रुतत होते. मी पदर खोचून मागं. “बाई, पडाल तर पडा, पण थांबू नोका,” एवढंच ओरडले. गावाच्या कडेला पोचलो तेव्हा डाकवाला समोरून येताना दिसला. रिकाम्या हातानं.

“का जी, देलं?”

“घरी कोणी नव्हतं. खळ्यावर देलो. कापणी आहे ना, सारे तिथंच आहेत.”

खळं गावाला लागूनच. आम्ही पोचलो तेव्हा मळणीचे बैल उभे केले होते. सासरा पेंढ्यावर बसलेला, सासू पाण्याच्या घागरीजवळ, चार मजूर बाया. ती सूप घेऊन धान उफणत होती. आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा, पँट घातलेला, पाकीट फाडून कागद उघडत होता.

“वहिनीच्या नावानं चिठ्ठी! कोण लिहिलं असन वो वहिनी?” आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. “कुष्ठ… रोग… निवारण…”

तिचं सूप हातातच राहिलं.

“थांब रे बाबू!” बाबूजी खळ्यात शिरले. धापा टाकत होते, चष्मा एका कानावर लोंबत होता. “थो कागद माहा आहे.”

“तुमचा? नाव तर वहिनीचं आहे.”

“पाकीट तिचं आहे. कागद माहा आहे. मी लोकाईच्या चिठ्ठ्या लिहून देतो. तिची आई आंबागडच्या बाजारात मले निरोप सांगितली, मी लिहिलो. माह्या दवाखान्याचा कागदही टेबलावर होता. घाईत माहा तिच्या पाकिटात गेला, तिचा माह्या खिशात राहिला.” खिशातून त्यांनी एक घडी काढली, उलगडली आणि नाकाजवळ धरली. “हे आईकून घ्या. आई सांगते, दिवाळी झाली, आमच्या गावची मंडई आहे, जत्रा आहे. नाटक आहे. पोरीले चार दिवस पाठवा. व्याह्यांनी राग नाही धरावा. घरी सगळे खुशाल.”

मी त्यांच्या मागंच उभी होते. त्यांच्या हातात पोस्टाचा उरलेला अर्ज होता. त्यावर माझ्या कापऱ्या सहीशिवाय काहीही नव्हतं.

सासऱ्यानं त्या मुलाच्या हातातला कागद बघितला, मग बाबूजींकडे. “यावर चारशे बारा लिहिला आहे.”

“माहा नंबर आहे जी.”

“मंजे तुमाले…?”

“हो जी.”

मुलानं कागद टाकून दिला आणि हात पेंढ्याला पुसले. सासूनं आल्याआल्या बाबूजींपुढं पाण्याचा गडू ठेवला होता. तो त्यांनी उचलायच्या आत तिनं पदरानं धरून लांब सरकवला. मजूर बाया उठून बैलांपलीकडे गेल्या. बाबूजींनी वाकून कागद उचलला, घडी केली, खिशात ठेवला.

“मंडईचं पाहा जी,” ते सासऱ्याला म्हणाले. “बुढी वाट पाहते.”

“पाठवतो. तुमी जा आता.”

तिनं सूप पुन्हा उचललं होतं. मान वर केली नाही. धान मात्र सरळ पडत नव्हतं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

बातमी आमच्या आधीच तुमसरला पोचली असावी. आठवड्यात दवाखान्यासमोरच्या टपरीवर त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा खिळ्याला टांगला गेला. “बरं झालं,” ते म्हणाले, “आपला कप ठरला. दुसरा कोणी घेत नाही.” घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा ट्रंक घेऊन ते कपाटाच्या खोलीत राहायला आले. कंपाउंडरला आता लग्नाची थट्टा सुचेना.

डॉक्टर हळहळले. म्हणाले, “मी सर्टिफिकेट देतो. तुम्हाला काहीही नाही, असं लिहून देतो. दाखवा सगळ्यांना.”

“नोको साहेब. मले काही नाही तर कागद कोणाचा, असं विचारतीन.”

“पण यादी कुणी चुकवली?” डॉक्टरांनी विचारलं. मी दारातच होते.

“यादी माही आहे,” बाबूजी म्हणाले.

दिघोरीहून भावाची चिठ्ठी आली. ती त्यांनी माझ्यापुढं टाकली. यंदा मंडईला येऊ नको, पोरीचं जुळत आलंय, लोक बोलतात, असं होतं. दिघोरीची मंडई त्यांनी कधी चुकवली नव्हती. मी वाचत असताना त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “मनात वाचता तुमी. चांगली सवय आहे.”

त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक कार्ड उलटून बघायची, पाकीट बंद केल्यावर पुन्हा फोडून बघायची. अजूनही बघते. कुणी पत्ता लिहून मागितला की पेन उचलायच्या आधी तोच प्रश्न माझ्या तोंडून निघतो.

मंडईच्या त्या चार दिवसांत ती आईबरोबर आली आणि पहिली खेप घेऊन गेली. पुढच्या खेपा तिनं आंबागडच्या बाजारच्या दिवशी शिंप्याच्या मागच्या खोलीत घेतल्या. बाबूजी स्वतः कधी गेले नाहीत. आमचा दुसरा माणूस जायचा. तो परत येईपर्यंत ते कपाटापाशी येरझारा घालायचे आणि मग कार्डावर एक बारीक खूण करायचे. सहावी खूण झाली त्या दिवशी त्यांनी कार्ड सिगडीत घातलं आणि त्यावर चहा उकळला. बरं झालेल्या माणसाचं कार्ड ते असंच जाळत. पण या वेळी जळून राख होईपर्यंत उभे राहिले.

पुढच्या मंडईला मीच त्यांना ओढून नेलं, आंबागडच्या बाजूला. भजीवाल्याकडे चहा घेतला. त्यालाही माहीत होतं. त्यानं दुरून बशीशिवाय कप सरकवला. तेवढ्यात ती दिसली. कडेवर मूल, बरोबर सासू. सासूनं बाबूजींना ओळखलं.

“इकडून ये वो, इकडून. थोच आहे तो.”

सुनेनं पदर पुढं ओढला, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून पलीकडे सरकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक नजर तरी टाकायची होती, बाई.

“पाहू नोका,” बाबूजी पुटपुटले. “तुमी पाहाल तर तिले पाहावं लागन.”

सरकताना ती भज्यांच्या कढईला लागून गेली. भजीवाल्यानं घाणा सोडला, तेल उडालं, आणि ती “आई वो!” म्हणून किंचाळत एका पायावर नाचली. डावा पाय. सासू भजीवाल्याच्या अंगावर धावून गेली. ती वाकून पाय चोळत होती, फुंकर घालत होती, परत चोळत होती.

बाबूजींचा कप तोंडाशी तसाच राहिला. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला हात लावला तो तेवढाच.

“लागलं जी तिले,” ते म्हणाले. “पाहिलं का बाई? लागलं.”